वरच्या गावठाणाचं पाणी

मंत्र्यांच्या कामांच्या बातम्या लिहिणं ही माझी नोकरी आहे, असं सांगितलं की लोक एक तर हसतात, नाहीतर बदलीचा अर्ज पुढे करतात. दोन्हीची आता सवय झाली आहे.

त्याआधी मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. तुकडी बंद झाली आणि मी घरी बसले. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनीच कुणाकडून तरी ऐकलं, की अमरावतीला एका मंत्र्यांच्या संपर्क कार्यालयात मराठी लिहिणारं माणूस हवं आहे. मला राजकारणातलं काही कळत नव्हतं, आणि ‘तिथं जाऊन करू काय?’ असं मी म्हणालेही. वडील म्हणाले, ‘‘शुद्ध लिहिशील. तेवढं तर येते ना तुला?’’

मुलाखत साहेबांनीच घेतली. साहेब आमच्याकडचेच, काळ्या मातीतल्या शेतकरी घरातले. मुंबईत मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते कसे बोलत असतील ते असतील, अमरावतीत पाय ठेवला की वऱ्हाडीच. त्यांनी माझ्यापुढे एका लहानशा पुलाचा कागद सरकवला आणि म्हणाले, ‘‘यावर सहा ओळी लिहा.’’ शेजारी जुन्या निवेदनांचा गठ्ठा होता. त्यातलं एक उचलून त्यांनी मला वाचून दाखवलं. ‘‘हे पाहा, ‘काम युद्धपातळीवर सुरू आहे.’ आता कोनाशी युद्ध चालू आहे आपलं?’’

मी लिहिलं, की या नाल्यापलीकडच्या मुलींना आता पावसाळ्यात चपला हातात धरून शाळेत जावं लागणार नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि पहिल्या तारखेपासून या म्हणाले.

कामाचा क्रम साधा होता. सकाळी वेगवेगळ्या खात्यांकडून फोटो आणि माहिती यायची. कुठं रस्ता, कुठं वाचनालय, कुठं बचत गटाच्या बायकांचं मसाल्याचं दुकान, कुठं दवाखान्याची नवी खोली. ते सगळं सोप्या मराठीत लिहायचं, साहेबांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर टाकायचं आणि वर्तमानपत्रांना पाठवायचं. ते पान हजारो लोक फोनवर पाहत. माझ्या टेबलावरच कार्यालयाचा एक फोन असायचा, लोकांच्या तक्रारींसाठी. आणि समोर बसायचे काका, म्हणजे साहेबांचे स्वीय सहायक. निवृत्तीला आलेले, कितीतरी मंत्री पाहिलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. फाईल कुठे अडली असेल हे ते वास घेऊन सांगत. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात टिपणी लिहायला शिकवलं, कोणत्या खात्यातल्या कोणत्या टेबलावर चहाच्या वेळी फोन करू नये हेही शिकवलं. आज मी जे काही काम नीट करते, त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

वडील अकोल्यात संध्याकाळी चष्मा लावून माझं लिहिलेलं एकेक वाचायचे आणि फोन करायचे. ‘‘‘सुरुवात’ला पहिला उकार ऱ्हस्व, दुसराही ऱ्हस्व. तू दीर्घ केला.’’ मी हो म्हणायची. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘हे जे तू लिहितेस, ते पाहून लिहितेस का?’’

‘‘नाही बाबा. फोटो येतात ना.’’

‘‘बरं,’’ म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन वर्षांत माझं लिहिणंही झिजलं. दिवसाला आठ-दहा कामं यायची. चपला हातात धरणाऱ्या मुली लिहायला वेळ नसायचा. ‘लोकार्पण’, ‘शुभहस्ते’, ‘कटिबद्ध’ हे शब्द बोटं आपोआप टाइप करायची.

होळीच्या आधीची गोष्ट. बाळापूर तालुक्यातल्या एका गावाची पाणीपुरवठा योजना पूर्ण झाली. हा आमचा खारपाणपट्टा. जमिनीत कुठेही विहीर खणा, पाणी खारंच लागतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक तेच प्यायले. अशा गावात दुरून धरणाचं गोड पाणी आणणं हे खरोखर मोठं काम होतं. साहेबांनी त्यासाठी मुंबईत किती खेटे घातले हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी गावात जाऊन नारळ फोडला. खात्याकडून अहवाल आला आणि एक सुंदर फोटोही आला. अंगणातला नळ, नळाखाली भरत आलेली कळशी, आणि कळशीला धरलेले एका बाईचे हात. मनगटावर हिरवं गोंदण. चेहरा नव्हता. मी लिहिलं, ‘गावातल्या प्रत्येक घरी गोड पाणी पोचलं.’

खाली शेकडो लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. तिसऱ्या दिवशी तक्रारीच्या फोनवर एका बाईंचा आवाजातला निरोप आला. आवाज खणखणीत, वयस्कर.

‘‘नळ आला. पाणी नाई आलं. ज्यानं कोनी लिवलं ना प्रत्येक घरी म्हनून, त्यानं एकदा येऊन पाहावं. मी वरच्या गावठानात राह्यतो.’’

मी तो तीनदा ऐकला आणि काकांना ऐकवला. ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, ‘‘प्रत्येक गावात एक असतेच. खात्यानं अहवाल दिला, आपण लिहिलं. संबंधितांकडे पाठवून दे.’’

मी पाठवून दिलं. नियमाप्रमाणे माझं काम तिथं संपलं होतं. पण ती बाई कुणा खात्याला बोलली नव्हती. ‘ज्यानं लिवलं त्यानं’ म्हणाली होती, आणि ते मीच लिहिलं होतं.

त्या शनिवारी मी अकोल्याला घरी गेले. रविवारी सकाळी वडिलांना सांगितलं, बाळापूरकडे जाऊन येते. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. डबा भरून दिला आणि म्हणाले, ‘‘टोपी घे. ऊन लागून राह्यलं.’’ बाळापूरपर्यंत बस आणि पुढे काळीपिवळी जीप. जीपवाल्यानं गावाच्या वेशीवर सोडलं. खालची वस्ती सपाट रस्त्याला लागून होती. दारोदार नळ, आणि नळांना पाणीही होतं. एक बाई धुणं धूत होती. मला वाटलं, काकांचंच खरं.

‘‘वरचं गावठाण कुठे?’’ मी विचारलं. तिनं हातानंच दाखवलं.

जुनं गाव पांढऱ्या मातीच्या उंच टेकाडावर होतं. चढून जाताना मला धाप लागली. वरच्या पहिल्याच घराच्या ओसरीवर साठीच्या एक बाई डाळ निवडत बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि कुठून आले ते सांगितलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ‘‘तूच का ते लिवनारी?’’

‘‘हो मावशी.’’

‘‘मले वाटलं, बाप्या मानूस असंन.’’

त्या उठल्या आणि नळाची चावी फिरवली. नळातून सूं करून हवा आली, मग तीही थांबली. ‘‘हे पाहा. हेच येते.’’

मी पाहत होते त्यांच्या मनगटाकडे. हिरवं गोंदण होतं. मी फोनमधला तो फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

‘‘माहाच हात आहे तो,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी पाणी आलं ना! खालच्या वस्तीचे सारे व्हॉल बंद करून ठेवले होते. तवा चढलं वरतं. मी म्हटलं, आलं बापा एकदाचं. कळशी भरली, खात्याच्या मानसायनं फोटो काढला. अर्ध्या तासानं खालचे व्हॉल उघडले, अन् आमचं गेलं. तवापासून नाई.’’

म्हणजे फोटो खरा होता आणि मी लिहिलेलं खोटं होतं. मी तिथं ओसरीवरच बसले.

मावशी गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. लहान मुलांची खिचडी, वरण-भात त्या शिजवायच्या. त्या म्हणाल्या, ‘‘खाऱ्या पाण्यात डाळच शिजत नाई माय. दोन घंटे लाकडं जाळा, दाना तसाच. लेकरं थुकून देतात. म्हनून मी रोज सकाळी खालून दोन कळशा वाह्यतो. खालची एक बाई देते भरून, चांगली आहे. पन माहे गुडघे किती दिवस ऐकतीन?’’

मग त्यांनी चहा टाकला. कप हातात दिला तर दूध फाटलेलं, वर फुटक्या फुटक्या कण्या तरंगत होत्या. ‘‘हा आमचा चहा. एक घोट घे.’’ मी घेतला. खारट, तुरट, जिभेवर राहणारा. मी तो तोंडात धरून बसले होते, तेवढ्यात त्यांनी कप माझ्या हातातून काढून घेतला.

‘‘बस झालं. समजलं ना?’’

त्या आत गेल्या, कोपऱ्यातल्या झाकलेल्या कळशीतलं पाणी घेऊन दुसरा चहा केला. खालून वाहून आणलेलं, मुलांच्या डाळीचं पाणी. मी नको नको म्हणत होते. ‘‘तू आली ना एवढ्या उन्हात,’’ म्हणाल्या. ‘‘बाकी कोनी आलं?’’

तो चहा मी आयुष्यभर विसरणार नाही. मी त्यांच्या गावाबद्दल खोटं लिहिलं होतं आणि त्यांनी माझ्यासाठी गोडं पाणी खर्च केलं.

नंतर आम्ही दोघी वरच्या गावठाणात घरोघर फिरलो. प्रत्येक नळ उघडून पाहिला. मी वहीत लिहून घेत होते आणि मावशी दारातूनच ओरडत होत्या, ‘‘अवं, बाहेर ये! ते लिवनारी पोरगी आली पाहाले!’’

सोमवारी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. ‘‘तुझं काम लिहिण्याचं आहे, तपासण्याचं नाही. असं प्रत्येक नळ उघडायला गेलीस तर होईल का काही?’’

मी म्हटलं, ‘‘काका, आपण दुरुस्ती टाकू. मी लिहून आणली आहे.’’

‘‘मंत्र्याच्या पानावर दुरुस्ती? माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही मी.’’ तरी त्यांनी तो कागद फाडला नाही. खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी साहेब मुंबईच्या गाडीनं सकाळी आले, तेव्हा चहा व्हायच्या आत काकांनीच तो त्यांच्यासमोर ठेवला. ‘‘साहेब, ही पोरगी जाऊन आली,’’ एवढंच म्हणाले.

साहेबांनी वाचलं. चेहरा उतरला. ‘‘कोनी पाठवलं होतं तुम्हाला?’’

‘‘कोणीच नाही. मीच गेले.’’

त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. माझी नोकरी गेली असं मी मनाशी धरूनच चालले होते. वडिलांना कसं सांगायचं याची वाक्यंही जुळवत होते. मग साहेब म्हणाले, ‘‘त्या बाईचा नंबर लावा.’’

फोन टेबलावर ठेवून लावला. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेबांनी नाव सांगितलं.

‘‘कोन मंत्री?’’ मावशी म्हणाल्या. ‘‘कायले गंमत करता जी?’’

‘‘मावशी, खरंच मी. मी आलो होतो तुमच्या गावात. नारळ फोडला नाही का?’’

‘‘फोडला असंन. आमाले नाई दिसला. खाली फोडला तुमी, वरतं ते फोटोवाले तेवढे आले.’’

साहेब हसले. मग त्यांचं हसू थांबलं. ‘‘मी वरतं आलो असतो तं समजलं असतं,’’ ते म्हणाले.

‘‘मंग!’’ मावशी म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर साहेबांनी पेन घेतलं आणि माझ्या कागदावर एक रेघ मारली. मी लिहिलं होतं, ‘तांत्रिक कारणामुळे काही घरांना पुरवठा होऊ शकला नाही.’ ते म्हणाले, ‘‘तांत्रिक म्हंजे काय? सरळ सांगा ना, पाणी वर चढत नाही.’’ काका हळूच म्हणाले, की अधिवेशन तोंडावर आहे, विरोधक हेच उचलतील. साहेब थोडे घुटमळले. ते मीही पाहिलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. चार दिवस तो कागद त्यांच्याकडेच राहिला. त्या चार दिवसांत मी रोज सकाळी फोनकडे बघत बसायची. पाचव्या दिवशी मुंबईहून त्यांचा निरोप आला, ‘टाका.’

आम्ही लिहिलं ते असं: ‘या गावात प्रत्येक घरी पाणी पोचलं, असं आम्ही सांगितलं होतं. ते चूक होतं. खालच्या वस्तीत पाणी येतं, वरच्या गावठाणात चढत नाही. ते चढेपर्यंत काम पूर्ण झालं असं आम्ही म्हणणार नाही. हे एका ताईंनी आमच्या लक्षात आणून दिलं. त्यांचे आभार.’

विरोधकांनी ते उचललंच. सभागृहात कुणीतरी ती दुरुस्ती छापून फडकवली. काही दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत. पण त्यांनी ती पोस्ट काढायला सांगितली नाही, आणि मला दुसऱ्या टेबलावर बसवलं नाही. राजकारणात असलेल्या माणसाला ते सोपं नसतं, हे मला आता अधिक कळतं.

दुरुस्ती पानावर टाकली त्याच संध्याकाळी वडिलांचा फोन आला होता. मी म्हटलं, ‘‘कुठे चुकलं?’’

‘‘कुठंच नाही.’’ मग त्यांनी मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी नववीच्या वर्गाला एका अभंगाचा अर्थ चुकीचा शिकवला होता. घरी येऊन पुस्तक पाहिलं तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘काल मी चूक शिकवलं.’ ‘‘मुलं हसतील वाटलं होतं. कोणी हसलं नाही. त्यांनी वह्या काढल्या अन् दुरुस्त करून घेतलं.’’

काम पुन्हा सुरू झालं. वरच्या गावठाणासाठी वेगळी वाहिनी टाकायची आणि टेकाडावरच एक लहान जलकुंभ बांधायचा असं ठरलं. मावशींनी त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, आमच्या फोनवर, आवाजात. ‘‘आज दोन मजूर आले. खड्डा खनला.’’ ‘‘आज कोनी नाई. पाइप उन्हात पडून आहेत.’’ ‘‘आज साहेब लोक आले, चहा पेले, गेले. चहा कोनता पाजला ते इचारू नको.’’ मी ते जवळजवळ जसेच्या तसे पानावर टाकू लागले. ‘पाइप येऊन पडले आहेत, काम थांबलं आहे,’ असं मंत्र्याच्याच पानावर छापलं की दुसऱ्या दिवशी मजूर येत. लोक मावशींच्या बातमीची वाट पाहू लागले. कुठल्या कुठल्या गावांतून विचारणा व्हायची, वरच्या गावठाणाचं काय झालं?

आणि काका, जे म्हणत प्रत्येक गावात एक असतेच, ते रोज सकाळी आल्या आल्या विचारू लागले, ‘‘आपल्या बाईचा निरोप आला का?’’ एकदा दोन दिवस निरोप आला नाही, तर त्यांनी स्वतःच फोन लावला. मावशींना ताप होता. काकांनी बाळापूरच्या दवाखान्यात फोन करून गाडी पाठवली. मला त्यांनी ते सांगितलं नाही. मावशींकडून कळलं.

पेरण्यांच्या तोंडावर पाणी चढलं. या वेळी खालचे व्हॉल उघडे ठेवून चढलं. मावशींनी निरोप नाही पाठवला, सरळ फोन केला. ‘‘आठ दिवस झाले,’’ म्हणाल्या. ‘‘मी मुद्दाम सांगतलं नाई. म्हटलं, आठ दिवस पाहू. रोज येते. आता लिव.’’

साहेबांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मावशीले विचारा, नारळ आणू का?’’

मावशींचं उत्तर आलं, ‘‘आना. पन वरतं फोडा.’’

साहेब टेकाड चढून गेले. मी वडिलांनाही घेऊन गेले होते. ते काठी टेकत, तीन वेळा थांबत वर आले, आणि त्यांच्यामुळे मंत्र्यांनाही तीन वेळा थांबावं लागलं. मांडव नव्हता, हार नव्हते. अंगणवाडीत मुलांची पंगत बसली होती. मावशींनी साहेबांना, काकांना, वडिलांना मुलांच्या शेजारीच सतरंजीवर बसवलं आणि वरण-भात वाढला. वरण मऊ, एकजीव झालेलं. वडील दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले, ‘‘बाई, चव आहे हाताला.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘हाताले होतीच. पान्याले नव्हती.’’ सगळ्यात मोठ्यानं काका हसले.

मी त्या दिवशीच्या बातमीत नळाचा फोटो टाकला नाही. पंगतीचा टाकला. गावातल्या प्रत्येक नळाला पाणी आहे, असं लिहिलं, कारण आदल्या दिवशी येऊन मी आणि मावशींनी प्रत्येक नळ पुन्हा उघडून पाहिला होता.

तेव्हापासून आमच्या कार्यालयात एक पद्धत पडली. कुठलंही काम पूर्ण झालं असं लिहिण्याआधी तिथल्या, त्या कामाचा रोज उपयोग करणाऱ्या एका माणसाला फोन करायचा. त्यामुळे बातम्या कमी झाल्या. कधी कधी दिवसाला एकच. साहेब तक्रार करत नाहीत. मला मात्र त्या फोनांनी किती दिलं! बार्शीटाकळीकडची एक आशाताई, वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त कंडक्टर, मसाल्याच्या दुकानातल्या बायका. या लोकांनी मला पुन्हा लिहायला शिकवलं. पगार सरकारी कामाचा आणि शिकवणी फुकट, असं मी वडिलांना म्हणते.

मावशी आता पाण्याबद्दल बोलत नाहीत. पाणी आलं म्हणजे झालं, त्यात काय बोलायचं? सध्या त्यांचं अंगणवाडीच्या छताचं चाललं आहे. एका कोपऱ्यातून गळतं म्हणतात. काल निरोप आला, ‘‘छताचं काय झालं वं? कागद पोचला का?’’ कागद पोचला आहे, काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसानं तो पुढेही पाठवला आहे. पण तेवढ्यावर मावशींना उत्तर देण्याची माझी हिंमत नाही. बुधवारी जाऊन, शिडी लावून, आधी ते छत पाहून येणार आहे.